कॉड ओळखताना रंगापेक्षा रेषा बघा
कॉड हा समुद्री मासा अंगावरच्या तपकिरी ठिपक्यांवरून ओळखावा असं इथे एकाने म्हटलंय, ते अर्धंच पटलं. समुद्री शेवाळाच्या रानातला कॉड चक्क तांबूस असतो, वाळूवरचा फिकट करडा. त्यापेक्षा अंगावरची पार्श्वरेषा बघा, म्हणजे अंगाच्या बाजूने डोक्याकडून शेपटीकडे जाणारी रेघ. कॉडची पांढरट, त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या हॅडॉक माशाची काळी. हॅडॉकला छातीच्या पराच्या वर अंगठ्याच्या ठशासारखा काळा डागही असतो, मग शंकाच नको.

खरी पंचाईत सेथ या तिसऱ्या, तशाच दिसणाऱ्या माशाची. रेषा त्याचीही फिकट, आणि पाठीवर ३ पर तर तिघांनाही. पण सेथची रेषा जवळजवळ सरळ जाते, कॉडची छातीच्या परावर कमान घेते. शिवाय सेथचा खालचा जबडा जरा पुढे, कॉडचा वरचा. हनुवटीची मिशी कॉडला ठळक असते. सेथला असलीच तर इतकी बारीक, की फोटोत दिसायची नाही. तेव्हा ओळख विचारायला फोटो बाजूने काढलेला टाका, वरून काढलेल्यात यातलं बहुतेक काही कळत नाही.