क्रोमियमच्या गोळ्या आणि मधुमेह

क्रोमियम पिकोलिनेटने (गोळ्यांत वापरले जाणारे क्रोमियम या खनिजाचे एक संयुग) मधुमेहींची रक्तातील साखर आटोक्यात येते, असा दावा केला जातो आणि त्याच्या पुष्ट्यर्थ चीनमधील १९९७ च्या अभ्यासाचा दाखला दिला जातो. त्या अभ्यासात १८० रुग्ण होते आणि चार महिन्यांनंतर रोज १००० मायक्रोग्रॅम घेणाऱ्या गटाचे एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील रक्तशर्करेची सरासरी दाखवणारी चाचणी) सरासरी ६.६, तर निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांचे ८.५ टक्के भरले. एवढा फरक एखाद्या औषधालाही भूषणावह ठरावा. पण पाश्चात्त्य देशांतील पुढील चाचण्यांत तो सातत्याने दिसला नाही, ही गोष्ट जाहिरातींत सोयीस्करपणे गाळली जाते.

क्रोमियमची कीर्ती मुळात टोरांटोतील एका रुग्णेमुळे वाढली. काही वर्षे केवळ शिरेतून पोषण मिळणाऱ्या या स्त्रीची ग्लुकोज-सहनशीलता, म्हणजे रक्तातील साखर हाताळण्याची शरीराची क्षमता, ढासळली होती आणि क्रोमियम दिल्यावर ती सुधारली, असे १९७७ मध्ये प्रसिद्ध झाले. तोंडाने जेवणाऱ्या, कमतरता नसलेल्या माणसाला हा निष्कर्ष कसा लागू करायचा? युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने तर २०१४ मध्ये क्रोमियम हे अत्यावश्यक पोषकद्रव्य असल्याचाच पुरेसा पुरावा नसल्याचे म्हटले.

गोळ्यांतून घेतल्या जाणाऱ्या सेलेनियम या दुसऱ्या खनिजाबाबत अधिक सावध राहावे. कर्करोग-प्रतिबंधासाठी झालेल्या एका अमेरिकन चाचणीच्या २००७ मधील विश्लेषणात रोज २०० मायक्रोग्रॅम घेणाऱ्यांत टाइप २ मधुमेह वाढलेला आढळला. अनेक मल्टिव्हिटॅमिन गोळ्यांत सेलेनियम असते, त्यामुळे वेष्टनावरील मात्रा वाचावी. मूत्रपिंडाचा विकार असल्यास किंवा इन्सुलिन चालू असल्यास यातले काहीही डॉक्टरांना सांगितल्याशिवाय सुरू करू नये.