सर्व्हेपेक्षा पर्वतीच्या पायऱ्या बऱ्या

आपल्या पावलं मोजणाऱ्या ॲपच्या सर्व्हेत लोकांकडून 'आलेख हवेत' आलं म्हणून होम स्क्रीनवर चार आलेख टाकायचं वरिष्ठांकडे ठरतंय. घाई होतेय. काय हवं ते विचारू नका, काल काय केलं ते विचारा. पाच-सहा जणांना सकाळी पर्वतीच्या पायथ्याशी गाठा, हातात ॲप देऊन 'चालणं सुरू करा' एवढंच सांगा आणि गप्प बसा. घामेजल्या अंगठ्याला छोटं बटण लागत नाही, उन्हात करडी अक्षरं दिसत नाहीत, हे तिथंच कळतं.

१०,००० पावलांचं लक्ष्यही काढा. तो आकडा १९६५ च्या जपानी पेडोमीटरच्या (पावलं मोजायच्या यंत्राच्या) नावातून आलाय. त्याऐवजी ज्याची त्याची मागच्या आठवड्याची सरासरी घ्या, वर ५०० पावलं वाढवा.

बॅटरी सेव्हरनं मोजणी बंद पाडली तर '०' नको, 'नोंद नाही' लिहा. टेकडी चढून आलेल्याला शून्य दिसलं की ॲप गेलंच समजा.