मेलेले गिधाड हाती आले तर विषबाधेचे नमुने नेमके कसे घ्यावेत?

रानकाठी:

कोकणातल्या एका वनविभागासाठी दोन पानांची कार्यपद्धती लिहायला घेतली आहे. वाचणार वनरक्षक, वनपाल आणि तालुक्याचे पशुधन विकास अधिकारी. पांढऱ्या पाठीचे किंवा लांब चोचीचे गिधाड मेलेले सापडले तर पहिल्या दिवशी काय करायचे, आणि त्याच पट्ट्यातल्या मेलेल्या गुरांच्या यकृतात डायक्लोफिनॅक (गुरांना टोचले जाणारे, पण गिधाडांना मारक वेदनाशामक) आहे का हे कसे तपासायचे, एवढाच विषय.

मार्गदर्शिका बऱ्याच आहेत, पण 'योग्य डब्यात, योग्य तापमानाला ठेवावे' याच्यापुढे त्या सरकत नाहीत. योग्य म्हणजे काय? कोणता अवयव, किती ग्रॅम, कशात? फ्रीझर दोन तासांवर असेल तर काय? पोट उघडल्यावर गाऊट (अवयवांवर साचलेले पांढरे युरिक आम्ल) दिसला की 'डायक्लोफिनॅकमुळे मृत्यू' असे लिहून टाकता येते का? आणि गुरांचे ५० नमुने तपासून सगळे कोरे आले तर पट्टा सुरक्षित म्हणावा का? ५० हा आकडा वरून आला आहे, तेवढ्याच तपासण्यांचे पैसे आहेत.

पिसारा:

गाऊटच्या प्रश्नाचे उत्तर आधी: नाही, लिहिता येत नाही.

डायक्लोफिनॅक गिधाडाच्या मूत्रपिंडातल्या नलिका मारते. युरिक आम्ल बाहेर पडायचे थांबते, रक्तात चढते आणि हृदयावरच्या आवरणावर, यकृतावर, मूत्रपिंडावर पांढरे बसते. चुना भुरभुरावा तसे दिसते, एकदा पाहिले की विसरत नाही. २००४ साली पाकिस्तानातल्या पक्ष्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात गाऊट असलेल्या २५ पक्ष्यांपैकी २५ जणांच्या मूत्रपिंडात हे औषध सापडले, गाऊट नसलेल्या १३ पैकी एकातही नाही. नाते इतके घट्ट आहे म्हणूनच लोक तपासणीची वाट न पाहता निष्कर्ष लिहून मोकळे होतात. पण पाणी न मिळालेले पिल्लूसुद्धा असेच पांढरे दिसते. शिवाय आज बाजारात फक्त डायक्लोफिनॅक नाही. किटोप्रोफेन, निमेसुलाइड, फ्लुनिक्सिन हीही गिधाडांना घातक आहेत, आणि असिक्लोफिनॅकचे तर जनावराच्या शरीरातच डायक्लोफिनॅक होते. म्हणून शवविच्छेदन अहवालात 'आंतरिक गाऊट आढळला, कारण प्रयोगशाळा तपासणीअंती' एवढेच लिहावे.

आता क्रम. पक्षी उचलण्याआधी जीपीएस नोंद, चारही बाजूंनी फोटो, आणि वर मान करून विजेच्या तारा बघा. पायावर किंवा पंखावर जळाल्याची खूण असेल तर ही सगळी धावपळ वेगळ्या दिशेला जाते. वलय, पंखावरचा बिल्ला किंवा ट्रान्समीटर असेल तर क्रमांक लिहा. आसपास दुसरे काही मेले आहे का (कुत्रे, कावळे, घारी) हे बघितल्याशिवाय जागा सोडू नका. गिधाडाशेजारी कुत्राही मेलेला असेल तर बहुधा कोणी मढ्यावर कीटकनाशक टाकले आहे. वेदनाशामकाने कुत्रे तिथल्या तिथे मरत नाही, आणि गिधाडही खाल्ल्यावर दोनेक दिवसांनी, बहुतेक वेळा दुसऱ्याच ठिकाणी मरते.

हातमोजे, एन-९५ मुखपट्टी, चष्मा. घशाचा आणि विष्ठामार्गाचा स्वॅब सगळ्यात आधी, पोट उघडण्यापूर्वी. तो औंधच्या रोग अन्वेषण विभागामार्फत बर्ड फ्लूच्या तपासणीसाठी जातो. ही पायरी गाळली तर पुढची प्रयोगशाळा पार्सल उघडायलाच नकार देऊ शकते.

अवयव:

मूत्रपिंड. एका बाजूचे पूर्ण, गोठवण्यासाठी. दुसऱ्या बाजूचे फॉर्मलिनमध्ये, तुकडा ५ मिमीपेक्षा जाड नको, फॉर्मलिन तुकड्याच्या दहापट. एक छोटा तुकडा मात्र शुद्ध अल्कोहोलमध्ये ठेवा. पाण्यातल्या फॉर्मलिनमध्ये युरिक आम्लाचे स्फटिक विरघळतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या जागी नुसती भोके दिसतात. हे जवळजवळ सगळेच विसरतात.

यकृत. २० ग्रॅम तरी, दोन डब्यांत वाटून.

मेंदू. उभा अर्धा गोठवायचा, अर्धा फॉर्मलिनमध्ये. ऑर्गॅनोफॉस्फेट आणि कार्बामेट कीटकनाशकांसाठी कोलिनएस्टरेज (ही कीटकनाशके अडवतात ते मज्जासंस्थेतले विकर) मोजतात ते यातूनच.

गळ्याच्या पिशवीतले आणि जठरातले अन्न वेगवेगळे, जेवढे असेल तेवढे. फोरेट, कार्बोफ्युरॅन, मोनोक्रोटोफॉस ही कीटकनाशके इथेच सापडतात. पिशवी उघडताना तोंड लांब ठेवा. फोरेटचा उग्र वास येतो, पण वास घेऊन ओळखण्याचा उद्योग करू नका.

फॉर्मलिन विकत आणलेले तसेच ओतू नये. लिटरला १०० मिली फॉर्मलिन, ९०० मिली पाणी, ४ ग्रॅम सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट, साडेसहा ग्रॅम डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट. आणि फॉर्मलिनची बाटली कधीच गोठवू नका.

मोजपट्टी:

वर सगळे बरोबर आहे. मी फक्त डब्यांबद्दल आणि प्रयोगशाळेशी काय बोलायचे त्याबद्दल लिहितो, कारण नमुने बहुतेक इथेच वाया जातात.

एकच डबा सगळ्याला चालत नाही. वेदनाशामके आणि जड धातू: पॉलिप्रॉपिलीनची झाकणाची नळी. डीडीटीसारखी ऑर्गॅनोक्लोरिन: प्लास्टिक नको, ॲसिटोनने धुतलेल्या ॲल्युमिनियम फॉइलमध्ये किंवा काचेत, कारण प्लास्टिकमधली रसायने तपासणीच्या आलेखात घुसतात. आणि फॉइलमधला नमुना पुन्हा धातूंच्या तपासणीला पाठवू नका. डायक्लोफिनॅक उजेडात मोडते, म्हणून नळीवर बाहेरून फॉइल गुंडाळा किंवा काळ्या पिशवीत ठेवा.

लेबल पेन्सिलने. मार्करची शाई अल्कोहोलने पुसली जाते आणि बर्फाच्या पाण्याने कागद लगदा होतो. एक लेबल बाहेर, एक आतल्या पिशवीत.

आता एक गोष्ट जी कुठल्याच मार्गदर्शिकेत ठळकपणे दिसत नाही: कंबरदुखीचे मलम. बहुतेक वेदनाशामक जेलमध्ये डायक्लोफिनॅकच असते. सकाळी गुडघ्याला जेल चोळलेल्या माणसाने हातमोजे घालताना ते बाहेरून हाताळले तरी आम्हाला प्रयोगशाळेत नमुन्यात औषध 'सापडू' शकते. म्हणून त्या दिवशी जेल लावलेल्या माणसाने नमुना घेऊ नये, प्रत्येक पक्ष्यागणिक हातमोजे आणि पाते बदलावे, आणि एक रिकामी नळी जागेवर उघडून, त्यात ऊर्ध्वपातित पाणी टाकून, बाकीच्यांसोबत पाठवावी. ही कोरी नळी कोरी निघाली तरच बाकीच्या आकड्यांना न्यायालयात अर्थ आहे.

फ्रीझर लांब असेल तर थर्मोकोलचा डबा आणि गोठवलेले जेल पॅक. नुसता बर्फ टाकला तर नळ्या पाण्यात तरंगतात. दोन तास बर्फावर यकृत-मूत्रपिंड चालते. मेंदू मात्र थांबत नाही. कार्बामेटने अडवलेले कोलिनएस्टरेज उबेत आपोआप मोकळे होते, आणि तुम्हाला विषबाधा झालेल्या पक्ष्याचा मेंदू निरोगी दिसतो. याच्या उलट, कुजल्यामुळेही ते कमी होते आणि निरोगी पक्षी विषबाधित दिसतो. तुलनेला त्याच जातीचा, अपघाताने मेलेला पक्षी हवा. सर्वसाधारण ठोकताळा असा की २०% घट म्हणजे संपर्क, ५०% च्या पुढे घट म्हणजे मृत्यूचे कारण मानायला आधार.

पार्सल सोमवारी किंवा मंगळवारी. शुक्रवारी पाठवलेली पेटी रविवारी कुठल्यातरी गोदामात वितळते. कोरडा बर्फ वापरलाच तर पेटी हवाबंद करू नका, वायूच्या दाबाने फुटते.

प्रयोगशाळेला 'डायक्लोफिनॅक तपासा' असे लिहू नका, आम्ही तेवढेच तपासू. एलसी-एमएस/एमएसवर (औषधाचा अंशही ओळखून मोजणारे यंत्र) वेदनाशामकांचा पूर्ण संच मागा: डायक्लोफिनॅक, असिक्लोफिनॅक, किटोप्रोफेन, निमेसुलाइड, फ्लुनिक्सिन, कारप्रोफेन आणि सोबत मेलॉक्सिकॅम. शेवटचे गिधाडांना सुरक्षित आहे, आणि ते सापडणे ही चांगली बातमी आहे, पशुवैद्यक योग्य औषध वापरतात हे त्यातून कळते. आणि मापनाची खालची मर्यादा लेखी विचारा. पाकिस्तानच्या त्या पक्ष्यांच्या मूत्रपिंडातले सगळ्यात कमी प्रमाण ग्रॅमला ०.०५१ मायक्रोग्रॅम होते, म्हणजे किलोला ५१ मायक्रोग्रॅम. तुमची प्रयोगशाळा १०० च्या खाली मोजू शकत नसेल तर 'आढळले नाही' हे उत्तर निरुपयोगी.

कडेकपारी:

५० च्या आकड्याबद्दल.

'शून्य सापडले' याचा अर्थ काढायचा सोपा हिशोब आहे: ३ भागिले नमुन्यांची संख्या. ५० पैकी ० म्हणजे खरे प्रमाण ९५% खात्रीने ६% च्या खाली आहे, इतकेच. आणि गिधाडांना ६% परवडत नाही. त्यांची संख्या जशी कोसळली तशी कोसळायला १३० ते ७६० मढ्यांमागे एकात मारक प्रमाणात औषध असणे पुरेसे होते असा २००४ चा हिशोब आहे. कारण एका मढ्यावर कित्येक पक्षी बसतात. खरे प्रमाण १% असले तरी ५० नमुन्यांत एकही न सापडण्याची शक्यता ६०% आहे. बंदी येण्याआधी २००४-०५ मध्ये देशभरातून १८४८ यकृते तपासली गेली तेव्हा १०.१% मध्ये औषध होते. ५० नमुने तेवढी उघडी परिस्थिती पकडतील, आजची नाही.

पैसे ५० तपासण्यांचेच असतील तर नमुने एकत्र करून तपासा. पाच यकृतांतून प्रत्येकी २ ग्रॅम घेऊन एक मिश्रण. ४० मिश्रणे म्हणजे २०० जनावरे, आणि १० तपासण्या हातात शिल्लक. एखादे मिश्रण सकारात्मक आले की त्यातली पाच यकृते सुटी तपासायची, म्हणून प्रत्येकाचे उरलेले ८-१० ग्रॅम वेगळे गोठवून ठेवणे आलेच. तोटा एवढाच की एका यकृतातले औषध पाचपट पातळ होते. प्रयोगशाळा किलोला ५ मायक्रोग्रॅम मोजत असेल तर तुमची खरी मर्यादा २५ झाली. ती अहवालात लिहा. २०० पैकी ० आले तरी १.५% च्या खाली एवढेच म्हणता येते, 'सुरक्षित' हा शब्द तरीही नको.

नमुने कुठून घेता हेही बघा. सगळे एका गोशाळेतून घेतले तर ते २०० नसून जवळजवळ एकच नमुना आहे, कारण तिथे औषध एकाच हाताने दिले जाते. उलट गोशाळा पूर्ण वगळल्या तरी चूक, म्हातारी आणि आजारी जनावरे तिथेच जास्त. गावे आधी चिठ्ठ्या टाकून निवडा. आणि महाराष्ट्रात गोवंशाचे यकृत डब्यात घालून रस्त्याने न्यायचे असेल तर उपवनसंरक्षकांचे पत्र, जनावर नैसर्गिक कारणाने मेल्याचा पशुधन विकास अधिकाऱ्यांचा दाखला आणि पोलीस ठाण्याला आगाऊ सूचना, तिन्ही गाडीत ठेवा. नाहीतर नाक्यावर नमुने वितळतील.

यकृतापेक्षा स्वस्त आणि लवकर कळणारी खूण म्हणजे औषधाचे दुकान. जनावरांसाठी डायक्लोफिनॅक २००६ पासून बंद आहे. मग माणसांच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जाऊ लागल्या, म्हणून २०१५ मध्ये माणसांचे इंजेक्शन ३ मिलीच्या एकमात्रा कुपीपुरते मर्यादित केले. किटोप्रोफेन आणि असिक्लोफिनॅक जनावरांसाठी २०२३ मध्ये बंद झाले, निमेसुलाइड २०२४ च्या अखेरीस. आता हिशोब करा: ३ मिलीत ७५ मिलिग्रॅम, किलोला १ मिलिग्रॅम धरला तर ३०० किलोच्या गायीला ४ कुप्या. गोठ्यामागच्या उकिरड्यात फुटलेल्या छोट्या कुप्या एकत्र चार-पाच दिसल्या की समजावे. तेवढ्याच गायीला मेलॉक्सिकॅम किलोला अर्धा मिलिग्रॅम, म्हणजे ५ मिलिग्रॅम प्रति मिलीच्या बाटलीतून ३० मिली. दुकानांची पाहणी अन्न व औषध प्रशासनाच्या निरीक्षकाला बरोबर घेऊनच करा. एकट्याने केलेल्या पाहणीतून संशोधन होते, कारवाई होत नाही.

रानकाठी:

मिश्रणाची कल्पना उचलतो आहे. दोन शंका राहिल्या. पावसाळ्यात पक्षी तीन-चार दिवसांनी, अळ्या पडलेला मिळतो. तो उचलायचा की पंचनामा करून जाळायचा? आणि नमुने न्यायालयात टिकण्यासाठी किमान काय?

पिसारा:

उचलायचा. मेंदू गेलेला असतो, तो सोडा. पण पक्ष्याचे मूत्रपिंड कटीच्या हाडाच्या खोबणीत घट्ट बसलेले असते, बाकी पोट रिकामे झाले तरी ते बरेचदा शिल्लक राहते. चमच्याने खरवडून काढा. सूक्ष्मदर्शकासाठी उपयोग नाही, रासायनिक तपासणीसाठी आहे. हृदयावरचे आवरण सुकले तरी पांढरा थर दिसतो, त्याचा जवळून फोटो मोजपट्टी शेजारी ठेवून. जठराच्या जागचे जे काही असेल ते घ्या. शिशाच्या तपासणीसाठी पायाचे एक लांब हाड.

कडेकपारी:

दोन्ही जाती वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या अनुसूची १ मध्ये आहेत आणि मेलेला पक्षी कलम ३९ खाली शासनाची मालमत्ता. म्हणून नमुना बाहेर पाठवण्याआधी मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. ती प्रत्येक पक्ष्यासाठी मागत बसू नका, प्रयोगशाळेचे नाव घालून वर्षभराची एकत्र मागून ठेवा. शिकारीच्या व्याख्येत विष घालणेही येते, त्यामुळे कीटकनाशकाचा संशय आला की पंचनाम्यातच वनगुन्हा क्रमांक टाका, नंतर जोडलेला क्रमांक बचाव पक्षाला आयता सापडतो.

प्रत्येक अवयवाचे दोन भाग, अ आणि ब. अ प्रयोगशाळेला जातो, ब विभागाच्या फ्रीझरमध्ये उणे २० अंशांवर कुलपात. लाखेच्या मोहरेचा ठसा पंचनाम्यावरही उमटवा, म्हणजे प्रयोगशाळेला जुळवता येतो. हस्तांतर पत्रकात प्रत्येक हाताची सही, तारीख, वेळ आणि पेटीचे तापमान. वाहनचालकाचीही सही हवी, साखळी तुटते ती बहुतेक तिथेच. आणि ज्या फ्रीझरमध्ये ब भाग ठेवणार त्याला इन्व्हर्टर जोडलेला आहे का ते कार्यपद्धती छापण्याआधी जाऊन बघा.