सिटीज स्कायलाइन्समध्ये मुंबई बसवायची तर लिमिट वाढवायचा की लोकलचे डबे जोडायचे?

कांदिवलीकर: सिटीज स्कायलाइन्स या शहर बसवायच्या कॉम्प्युटर गेमपैकी पहिल्या, म्हणजे २०१५ च्या गेमबद्दल बोलतोय. मुंबई बनवणाऱ्या प्रत्येकाचं घोडं १६,३८४ या आकड्यावर अडतं. एका वेळी मॅपवर एवढीच वाहनं चालतात आणि लोकलचा प्रत्येक डबा त्यात वेगळा मोजला जातो, म्हणजे बारा डब्यांच्या शंभर लोकल सोडल्या की बाराशे स्लॉट (वाहनांच्या जागा) गेले, बेस्टच्या बस, टॅक्सी, कचऱ्याच्या गाड्या अजून बाकीच. सगळे सांगतात मॉड (गेममध्ये बदल करणारी बाहेरची फाइल) टाक, लिमिट वाढतो. माझं स्पष्ट मत, नको. तीन डब्यांचं एकच मॉडेल करा, रेक, म्हणजे बारा डब्यांची अख्खी गाडी, चार स्लॉटमध्ये बसतो, कपॅसिटी स्क्रिप्टमधून (छोट्या कोडमधून) तिप्पट करा. लिमिट वाढवणं म्हणजे एका जागी आकडा बदलणं नाहीये, तो आकडा गेमचा कोड कंपाइल होतानाच ठिकठिकाणच्या फंक्शनमध्ये (कोडच्या तुकड्यांमध्ये) छापला गेलाय, हार्मनी ही चालू गेमचा कोड बदलणारी लायब्ररी वापरून एकेक फंक्शन पॅच करावं लागतं आणि एखादं राहिलं की त्यातला वाहनं मोजणारा लूप १६,३८४ च्या पुढे गेल्यावर 'इनव्हॅलिड लिस्ट डिटेक्टेड' हा एरर येतो. वर सेव्ह केलेलं शहर कायम त्या मॉडच्या भरवशावर.

वडाळा_रोड: अजिबात पटलं नाही. तीन डबे म्हणजे साठ मीटरच्या वर एक सरळ दांडा, तो सँडहर्स्ट रोडच्या वळणावर रुळ सोडून बाहेर लटकणार. हार्बर लाइन बनवायची आणि गाडी वळतानाच खोटी दिसायची, मग एवढा खटाटोप कशाला? लोकल वळताना डब्यामागून डबा वाकतो तेच तर बघायचं असतं ना.

स्लो_ट्रॅक: पॅचिंगची भीती जरा जास्तच घातलीय भाऊ. हार्मनीचा ट्रान्सपायलर, म्हणजे कोड बदलणारा भाग, फंक्शनमधला १६,३८४ शोधून बदलतो, सगळी फंक्शनं एकदा नीट तपासली की झालं. आणि वाहनाचा आयडी १६ बिटचा आहे, म्हणजे ६५,५३६ आकडे बसतात, लिमिट डबल करून होणारे ३२,७६८ त्यात आरामात मावतात. खरा खर्च वेगळाय, गेम १६ फ्रेममध्ये (हिशोबाच्या छोट्या टप्प्यांत) वाटून वाहनं तपासतो, एका फ्रेमला १,०२४ स्लॉट, डबल केलं की २,०४८, तो भार प्रोसेसरवर येतो त्याबद्दल बोला. बरं कपॅसिटी तिप्पट करून माणसांच्या बाजूला काहीच वाचत नाही, गेम माणसांची नोंद सिटिझन युनिटमध्ये ठेवतो, एका युनिटमध्ये ५ माणसं, डबे जोडा नाहीतर सुटे ठेवा, युनिट तेवढीच लागतात.

कांदिवलीकर: @स्लो_ट्रॅक युनिटचं बरोबर, पण ती सव्वापाच लाख आहेत, टंचाई वाहनांच्या स्लॉटची आहे. आणि 'एकदा नीट तपासली' म्हणतोस, ती तपासणी गेमच्या प्रत्येक अपडेटनंतर परत कोण करत बसणार?
@वडाळा_रोड हार्बरला सुटे डबे ठेव ना, चर्चगेट ते विरारला जोडलेले वापर, तिकडे रुळ बऱ्यापैकी सरळ आहेत.

वडाळा_रोड: एकाच शहरात दोन प्रकारचे रेक हे मला चालेल, पण मग स्लॉट वाचवायचेच तर आधी खाजगी गाड्या कमी करा की! मुंबईत बहुतेक माणूस लोकल, बस नाहीतर पायी जातो, आणि आपण मात्र गेमला कार सोडू देतो आणि कात्री लावतो लोकलला. स्क्रिप्ट लिहायचीच असेल तर माणूस घराबाहेर पडताना कार काढायची शक्यता शून्याच्या जवळ आणणारी लिहा, त्याला ना ॲरे (स्लॉटची यादी) वाढवावा लागतो ना मॉडेल बिघडवावं लागतं.

स्लो_ट्रॅक: हे मात्र पटतंय, पण कार बंद केल्या की तीच माणसं फलाटावर येऊन उभी राहणार, आणि चालत्या-थांबलेल्या माणसांचा लिमिट ६५,५३६. दादरला संध्याकाळी काय होईल बघ. तो आकडा १६ बिटच्या टोकालाच आहे, तिथे पॅच करून काही होत नाही, आयडीचा प्रकारच बदलावा लागेल. म्हणून कार पूर्ण बंद नको, उपनगरात थोड्या राहू देत.