मदत हवी आहे: नवरा बेपत्ता, घटस्फोट अडकलाय

माझ्या धाकट्या बहिणीसाठी विचारतेय. तिचा नवरा तीन वर्षांपूर्वी घर सोडून गेला. फोन बंद. सासरचे म्हणतात, आमचाही संबंध नाही. (खरं-खोटं देव जाणे, दिवाळीचा फराळ त्याला बरोबर पोचतो म्हणे!)

पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयात हिंदू विवाह कायदा, कलम 13 खाली परित्यागाच्या (जोडीदाराला सोडून जाण्याच्या) कारणावरून अर्ज केलाय. त्याला दोन वर्षं पुरतात. सात वर्षं थांबायची अट आहे ती जिवंत असल्याची खबरच नसेल तर, पण नातेवाईक सर्रास तीच सांगून तिला घाबरवतात.

अडलंय ते समन्सवर. कोर्टाचा बेलिफ (समन्स पोचवणारा कर्मचारी) गेला, 'सदर पत्त्यावर राहत नाही' असा शेरा आला. रजिस्टर पोस्टही परत. आता वकील म्हणतात, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 5, नियम 20 खाली पेपरात जाहीर समन्स देऊ, तरीही तो आला नाही तर एकतर्फी सुनावणी.

यातून गेलेल्यांनी कृपया सांगा: पेपर कोर्ट ठरवतं की आपण? खर्च साधारण किती आला? शोध घेतल्याचं शपथपत्र देताना काय काय जोडलंत? पोलिसांत मिसिंगची तक्रार नव्हती म्हणून कुणाचं अडलं का? आणि निकालानंतर तो उगवला आणि 'मला समन्स मिळालंच नव्हतं' म्हणून हुकूम रद्द करायला अर्ज केला, असं कुणाच्या बाबतीत झालंय का? तिला पुढे लग्न करायचंय, म्हणून ही धास्ती जास्त.

'समुपदेशन करून बघा' कृपया नको. करायचं कुणाशी?