मुलीच्या कॉलेजसाठी सायकल हवी आहे: ऑनलाइन मागवावी की बेळगावच्या दुकानातून घ्यावी?

नंदगडवाला

सर्वांना नमस्कार. आम्ही खानापूर तालुक्यात नंदगडच्या बाजूला एका खेड्यात राहतो. माझी थोरली मुलगी यंदा दहावी उत्तीर्ण झाली असून पीयूसीसाठी (अकरावी-बारावी) तिला रोज खानापूरला जायचे आहे. घरापासून कॉलेज नऊ किलोमीटरवर आहे. सकाळची बस वेळेवर मिळते, परंतु दुपारी वर्ग सुटल्यानंतर पुढच्या बससाठी तिला दीड तास स्टँडवर थांबावे लागेल, म्हणून सायकल घेण्याचे ठरवले आहे. रस्त्यात दोन चढ आहेत, आणि आमच्याकडचा पाऊस कसा असतो ते या भागातल्या लोकांना वेगळे सांगायला नको.

बेळगावात एका दुकानात चौकशी केली, तेव्हा गिअरच्या सायकलीची किंमत ११,५०० रुपये सांगण्यात आली. अगदी तीच नसली तरी दिसायला तशीच सायकल ऑनलाइन ९,२०० रुपयांना मिळत आहे आणि घरपोच येणार आहे. दोन हजार तीनशे रुपयांचा फरक आमच्यासारख्यांना लहान नाही. शिवाय बेळगावहून सायकल गावापर्यंत आणायची म्हणजे टेम्पोचे भाडे वेगळे. मुलीची उंची १५५ सेंटीमीटर आहे. ज्यांनी दोन्हीकडून सायकली घेतल्या आहेत त्यांनी कृपया अनुभव सांगावा.

वडगावची ताई

दादा, आम्ही गेल्या वर्षी मुलासाठी ऑनलाइन सायकल मागवली होती, म्हणून जे घडले ते जसेच्या तसे लिहिते.

खोक्यात येणारी सायकल पूर्ण जोडलेली नसते. मागचे चाक, चेन आणि गिअर बसवलेले असतात, पण हँडल, पुढचे चाक, सीट आणि पॅडल आपल्याला बसवावे लागतात. माझ्या यजमानांनी आणि दिराने रविवारी सकाळी अंगणात बसून सायकल जोडली. सायकल चालत होती, पण मुलगा म्हणायचा की वळताना पाय पुढच्या चाकाला लागतो. आठ दिवसांनी गल्लीतल्या पंक्चरवाल्याने पाहिले आणि लगेच सांगितले की चिमटा, म्हणजे पुढचे चाक धरणारा फोर्क, उलटा बसला आहे. हँडल सरळ दिसत असल्यामुळे आमच्या कोणाच्याच लक्षात आले नव्हते. पुढचा ब्रेक डावीकडून उजवीकडे गेला होता आणि त्याची केबल मुरगळून ताणली गेली होती. त्या आठ दिवसांत मुलगा रोज रेल्वे गेटच्या गर्दीतून शाळेला जात होता, हे आठवले की आजही माझ्या पोटात गोळा येतो.

दुसरी अडचण डिस्कची झाली. पुढच्या ब्रेकची चकती वाहतुकीत वाकली होती आणि चाक फिरताना प्रत्येक फेऱ्याला घासत होती. विक्रेत्याने सुरुवातीला सांगितले की सायकल जोडली म्हणजे ती परत घेता येत नाही. सुदैवाने खोके उघडताना मुलाने हौसेने मोबाईलवर व्हिडिओ काढला होता आणि त्यात वाकलेली चकती स्पष्ट दिसत होती. तो व्हिडिओ पाठवून लेखी तक्रार केल्यावर अकराव्या दिवशी नवीन चकती आली. मागवणारच असाल, तर खोके फाडण्यापूर्वी व्हिडिओ सुरू करा.

जुना फिटर

शहापूर भागात मी बावीस वर्षे सायकल दुरुस्तीचे दुकान चालवले. आता ते बंद आहे, त्यामुळे कोणाचा माल खपवण्यात माझा काही फायदा नाही.

आपण दोन किमती शेजारी ठेवून तुलना करत आहात, पण त्या दोन किमतींत मिळणारी वस्तू सारखी नाही. दुकानदार जोडलेली, तपासलेली सायकल देतो, निदान त्याने द्यायला हवी. ऑनलाइन विक्रेता सायकलीचे सामान देतो. मधले काम कोणीतरी करावेच लागते, आणि ते न करता सायकल चालवली तर त्याचा भुर्दंड पहिल्या पावसाळ्यातच बसतो.

हे काम नेमके काय असते ते सांगतो, कारण गिऱ्हाईकाला ते दिसत नाही. कारखान्यातून आलेल्या कमी किमतीच्या सायकलीच्या हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या भागात, ग्रीस बऱ्याचदा नावापुरते असते आणि कोन (आतले छर्रे दाबून धरणारे नट) गरजेपेक्षा घट्ट आवळलेले असतात. चाक बाहेर काढून आस दोन बोटांत धरून फिरवला, की वाळूत फिरल्यासारखी खरखर बोटांना जाणवते. तशीच सायकल चालवली तर छर्रे कपात खड्डे पाडतात आणि मग अख्खे हब बदलावे लागते. कोन पाव फेरा सैल करून, ग्रीस भरून पुन्हा बांधणे हे वीस मिनिटांचे काम आहे.

त्यानंतर चाकाची आऊट, म्हणजे रिमचा वाकडेपणा, काढावी लागते. सायकल उलटी उभी करून चाक फिरवायचे आणि रिमजवळ अंगठ्याचे नख धरायचे. रिम जिथे नखाला घासते तिथल्या एका बाजूच्या तारा सैल आणि दुसऱ्या बाजूच्या घट्ट करायच्या, आणि तेही एका वेळी पाव-अर्धा फेराच. तारांवरून हात फिरवून टिचकी मारली, की सैल तार आवाजावरून कळते. खोक्यातून आलेल्या चाकांत चार-पाच तारा तरी सैल सापडतात. पहिल्या शंभर-दीडशे किलोमीटरमध्ये तारा बसतात आणि गिअर-ब्रेकच्या नव्या केबली ताणल्या जातात, म्हणून महिन्याभराने सायकल पुन्हा एकदा पाहावी लागते. आपली मुलगी रोज अठरा किलोमीटर चालवणार आहे, म्हणजे ती वेळ दहा दिवसांतच येईल. दुकानदार पहिली सर्व्हिसिंग विनामूल्य देतो ती याचसाठी.

आणखी एक गोष्ट. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात. ते घड्याळाच्या काट्याच्या उलट दिशेने घट्ट होते. पॅडलवर एल आणि आर ही अक्षरे असतात, पण घाईत ती कोणी पाहत नाही. पाना जोराने मारला की क्रँकचे, म्हणजे पॅडलच्या दांड्याचे, आटे जातात, आणि मग ते पॅडल कधीच नीट बसत नाही. अशा नव्याकोऱ्या सायकली माझ्याकडे दरवर्षी यायच्या.

निपाणीकर

फिटरकाकांचे म्हणणे मला मान्य आहे, तरीही दुसरी बाजू मांडणे आवश्यक वाटते. दुकानातून घेतली म्हणजे निश्चिंत झालो, असे समजू नये. माझ्या भाचीसाठी आम्ही एका दुकानातून सायकल घेतली होती, ती बहुधा दोन वर्षे दर्शनी भागात उन्हात उभी असावी. टायरच्या बाजूला केसासारख्या भेगा होत्या, त्या आम्हाला घरी आल्यावर दिसल्या. वर दुकानदाराने ‘बिल नको असेल तर कमी करतो’ असे सांगितले होते आणि आम्ही त्याला भुललो, त्यामुळे नंतर वॉरंटीचा प्रश्नच उरला नाही. सायकलींवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला असून तो दुकानात आणि ऑनलाइन सारखाच आहे. एवढ्या रकमेसाठी पक्के बिल सोडू नये. बिलावर फ्रेम नंबर लिहून घ्यावा. तो बहुतेक सायकलींवर क्रँकच्या खालच्या बाजूला कोरलेला असतो. सायकल चोरीला गेली तर पोलिसांना सांगायला आपल्याकडे तेवढा एकच आकडा असतो.

माझी स्वतःची सायकल मात्र मी ऑनलाइनच घेतली आणि समाधानी आहे. माझी उंची सहा फूट एक इंच असल्यामुळे मला एकवीस इंची फ्रेम हवी होती. निपाणीत ती नव्हतीच, आणि आम्हाला बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ असल्याने तिथेही दोनदा जाऊन आलो; सगळीकडे सतरा-अठरा इंचीच दाखवत होते. चुकीच्या मापाची सायकल स्वस्तात मिळाली तरी पाठ आणि गुडघे तिची किंमत वसूल करतात. मात्र खोके घरी आल्यावर मी ते फोडले नाही. ओळखीच्या मिस्त्रीकडे नेऊन त्यालाच उघडायला लावले आणि जोडणीचे पाचशे रुपये आनंदाने दिले.

ऑनलाइन घेणाऱ्यांना एक कायदेशीर माहिती देतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रार आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे करता येते. विक्रेता दिल्लीत असला तरी आपल्याला दिल्लीला जावे लागत नाही. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि एका महिन्यात निवारण द्यायचे असते. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून पाहावा.

नंदगडवाला

सर्वांचे मनापासून आभार. जोडणीचा खर्च मी हिशेबात धरलाच नव्हता. आता दोन शंका आहेत. दुकानदार २९ इंची चाकाची, २१ गिअरची, डिस्क ब्रेकची सायकल सुचवत आहे आणि मुलीलाही ती दिसायला आवडली आहे. ती योग्य होईल का? आणि आमच्या गावात पंक्चरचे एकच दुकान आहे, तिथे असल्या सायकलीचे काम होईल का?

जुना फिटर

आपल्या दुसऱ्या प्रश्नातच पहिल्याचे उत्तर आहे. ज्या चाकाची ट्यूब आपल्या गावातल्या दुकानात खिळ्याला लटकलेली दिसते, तेच चाक घ्या. परतीच्या वाटेवर आभाळ भरून आलेले असताना मुलीची ट्यूब फाटली, तर त्या वेळी तिला बेळगावातले मोठे दुकान उपयोगी पडणार नाही.

यात एक गोम आहे, तीही समजून घ्या. सव्वीस इंची म्हणून दोन वेगळी चाके विकली जातात. जाड टायरच्या गिअर सायकलीचे सव्वीस इंची चाक ५५९ मिलिमीटरच्या रिमचे असते आणि बारीक टायरच्या लेडीज सायकलीचे, ज्यावर २६ × १ ३/८ लिहिलेले असते, ते ५९० मिलिमीटरचे. एकाचा टायर दुसऱ्याला बसत नाही. तसेच आपल्या जुन्या काळ्या सायकलीचे अठ्ठावीस इंची चाक ६३५ मिलिमीटरचे, तर नव्या २९ इंची सायकलीचे त्याहून लहान, ६२२ मिलिमीटरचे असते. हा आकडा टायरच्या कडेला बारीक अक्षरांत छापलेला असतो, उदाहरणार्थ ३७-५९०. तो वहीत लिहून ठेवा आणि सामान घेताना इंच न सांगता तोच आकडा सांगा.

२१ गिअरची तिला गरज नाही. चेनच्या पुढच्या तीन दातेरी चकत्यांपैकी दोन कोणी वापरत नाही, आणि पुढची गिअर यंत्रणा चिखलाने पहिल्यांदा अडते. मागे सहा किंवा सात गिअर असले तरी आपल्याकडचे चढ बसून चढता येतात. डिस्क ब्रेक भर पावसात रबरी ब्रेकपेक्षा चांगला धरतो, हे खरे आहे. ओल्या रिमवर रबर पहिल्या एक-दोन फेऱ्यांत घसरते. पण चकतीवर तेलाचा एक थेंब पडला तरी पॅड निकामी होतात, आणि आवाज आला की त्यावर तेल सोडणारे कारागीर मी पाहिले आहेत. गावातल्या कारागिराला डिस्कचे काम माहीत नसेल, तर चांगले रबरी ब्रेकच घ्या आणि पावसात ब्रेक थोडा आधी दाबायला मुलीला शिकवा.

स्वस्त सायकलीचा पुढचा शॉकअब नको. त्याने वजन वाढते, आणि दोन पावसाळ्यांत तो गंजून आत अडकतो. त्याऐवजी दोन्ही चाकांना पूर्ण लांबीचे मडगार्ड, चेनकव्हर, कॅरिअर आणि मागे लाल दिवा असलेली सायकल पाहा. ओढणी चेनमध्ये अडकून पडलेल्या मुली मी पाहिल्या आहेत, म्हणून चेनकव्हरचा आग्रह धरतो. ऑनलाइन चित्रातल्या बहुतेक गिअर सायकलींना यातले काहीच नसते, ते सगळे वेगळे विकत घ्यावे लागते.

वडगावची ताई

मुलीला बरोबर न्या. तिला सायकलीवर बसवल्याशिवाय घेऊ नका.

नंदगडवाला

उशिरा लिहीत आहे, क्षमस्व. गेल्या शनिवारी मुलीला घेऊन बेळगावला गेलो होतो. आधी चौकशी केलेले दुकान सोडून दुसऱ्या एका दुकानात सव्वीस इंची, ५९० च्या रिमची, मागे सात गिअर असलेली लेडीज सायकल मिळाली. मडगार्ड, पूर्ण चेनकव्हर, पुढे टोपली आणि कॅरिअर त्यावर आधीपासूनच होते. किंमत बिलासह १०,२०० रुपये पडली. फिटरकाकांनी सांगितल्याप्रमाणे मी चाक फिरवून नख धरले. मागच्या चाकाला थोडी आऊट होती. दुकानाच्या मिस्त्रीने कुरकुर न करता ती काढली आणि माझ्यासमोर दोन्ही हब उघडून ग्रीस भरले.

मग त्याने मुलीला सीटवर बसवले आणि टाच खालच्या पॅडलवर ठेवायला सांगितली. गुडघा बराच वाकत होता, म्हणून सीट तीन बोटे वर घेतली, तेव्हा पाय सरळ झाला. मुलीने गल्लीच्या टोकापर्यंत एक फेरी मारली आणि परत येऊन सांगितले की आता पोहोचते. खरे सांगायचे तर तिला ती २९ इंचीच हवी होती आणि येताना ती थोडी हिरमुसली होती, पण सोमवारी पहिल्यांदा खानापूरला जाऊन आल्यावर मोठा चढ सायकलीवरून उतरावे न लागता चढली, हे तिने तीन वेळा सांगितले.

गावातल्या पंक्चरवाल्याला सायकल दाखवून आणली आहे. टायरवरचा आकडा त्याने वाचला आणि या मापाची ट्यूब आपल्याकडे नेहमी असते असे सांगितले. त्यातली एक मी घेऊन ठेवली आहे. पहिल्या सर्व्हिसिंगसाठी पंधरा दिवसांनी बेळगावला न्यायची आहे. त्या दिवशी एक टेम्पो रिकामा जाणार असल्याने भाड्याचीही सोय झाली आहे.