अनुभव धागा: गांजाचं व्यसन लागतं, की नुसती सवय?

"सवय आहे, व्यसन नाही. मनात आणलं तर उद्या सोडेन." सहा वर्षं हेच म्हणत होतो. सोडला तेव्हा पहिले दोन दिवस काही जाणवलं नाही. वाटलं, बघा, सवयच होती! तिसऱ्या रात्री उशी घामानं भिजली. पहाटे डोळा लागला तर स्वप्नं इतकी ठळक, की जाग आल्यावरही खरी वाटायची. घास घशाखाली उतरेना. बायकोच्या हातून चमचा पडला म्हणून तिच्यावर खेकसलो; तिचा तो चेहरा अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. निवळायला दोन आठवडे लागले. डॉक्टर म्हणाले, हा विथड्रॉअल, म्हणजे नशा सोडल्यावर होणारा त्रास. २०१३ च्या डीएसएम-५ या मानसोपचाराच्या नियमावलीतही त्याची नोंद आहे.

तुमचं काय झालं? लागलं, सुटलं, नाही सुटलं, सगळं लिहा. उपदेश तेवढा नको.

शनिवारपुरता: मी चार वर्षं मित्रांबरोबर ओढला. मंडळी पांगली, आपोआप थांबलं. ना तलफ, ना झोपमोड. माझा धाकटा भाऊ मात्र पंधराव्या वर्षापासून रोज ओढतो, अजूनही. त्याला मी कितीदा 'मनाचा कच्चा' म्हटलंय. ओढणाऱ्या साधारण ११ जणांत एकाला व्यसन जडतं, कोवळ्या वयात सुरुवात केली तर ६ जणांत एकाला, असा अमेरिकेतल्या पाहण्यांचा जुना अंदाज नंतर वाचला. माझे ते शब्द आता मलाच लागतात.

रातपाळी: माझं सुटलेलं नाही. दिवसा हात लावत नाही, झोपण्यापूर्वी एकच. मध्यंतरी आठ दिवस सोडला, झोपच उडाली, परत सुरू केला. हा माझा जुना निद्रानाश, असं धरून चाललो होतो. धागा वाचून शंका येतेय.

धागाकर्ता: रातपाळी, शंका बरोबर असू शकते. गांजानं स्वप्नांची झोप दबते आणि सोडला की उसळून येते. मेंदूतल्या ज्या ग्राहींवर, म्हणजे रसायनं धरून ठेवणाऱ्या जागांवर, गांजातलं नशा आणणारं टीएचसी बसतं, त्या रोज ओढणाऱ्यांत कमी होतात. सोडल्यावर साधारण ४ आठवड्यांत पूर्ववत होत जातात. या ग्राहींसाठी मेंदू स्वतःही एक रसायन बनवतो. १९९२ मध्ये ते सापडलं तेव्हा संस्कृत 'आनंद'वरून त्याचं नाव ॲनंडमाइड ठेवलं. आठ दिवस खरंच कमी पडले हो. डॉक्टरांशी बोलून पुन्हा करून बघा.

एका मुलाची आई: लेकाचे हात थरथरत नव्हते, तो कुठे पडत नव्हता, म्हणून आमच्या तोंडी व्यसन हा शब्दच आला नाही. पूर्वी तासन्‌तास चित्रं काढायचा. एकदा त्याचा खण आवरताना रंगांच्या ट्यूब हातात आल्या, वाळून दगड झालेल्या. समुपदेशक बाईंनी 'किती ओढतोस' हे नंतर विचारलं. आधी विचारलं, 'यापायी काय काय सुटलं?' तो बराच वेळ गप्प होता. मग एकेक सांगत गेला. मला त्यातलं निम्मंही ठाऊक नव्हतं. अजून पूर्ण थांबलेला नाही, पण मागच्या आठवड्यात निळा रंग आणून मागितला.

रातपाळी: आज पाचवी रात्र. साडेतीन वाजलेत, चादर बदलून बसलोय. कोणी जागं आहे का?